कणी होऊ नये म्हणून

चि. सोनूस,
आजीचा सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू विचारलंस आणि मी नुसतं "बघते, लिहिते" म्हणाले, तेव्हा तू हसून "अगं आजी, दोन वाक्यांत सांग ना, नाहीतर व्हॉइस मेसेज टाक" म्हणालीस, आणि तेव्हाच मी मनाशी ठरवलं की हिला पत्रच लिहायचं, आणि तेही पोस्टाने पाठवायचं, म्हणजे ते पुण्याला पोचायला चार दिवस लागतील आणि तेवढे दिवस तुझा प्रश्न तुझ्याजवळच राहील. रागावू नकोस हं. तुझे आजोबा म्हणायचे, मास्तरीण बाईंना काही विचारलं की आधी फळा पुसतात, मग खडू शोधतात, मग उत्तर देतात. तसंच समज.

आत्ता पहाटेचे साडेचार झालेत. चहा झालाय, अंगण झाडून झालंय, आणि खळ्यातल्या पुंजण्यांवर इतकं दव आहे की कंदिलासारखा तो एक दिवा लावला की सगळं धान चांदीचं दिसतं. तू लहान असताना विचारायचीस, आजी तू एवढ्या लवकर का उठतेस. लवकर उठण्यात पुण्यबिण्य काही नसतं बाळ, एवढंच की या वेळी माझ्याकडे कोणी काही मागत नाही, कोंबड्यासुद्धा नाही.

तर तुझा प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीत तू दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला गेलीस, मौन पाळलंस, गुडघे दुखवून घेतलेस, आणि परत येऊन म्हणालीस की मला काहीच झालं नाही, शेजारची मुलगी तर रडली, मला साधं रडूही आलं नाही. मग कुठल्याशा पुस्तकात वाचलंस की प्रत्येकाच्या आत बुद्धत्व मुळातच असतं, आणि मला दोन गोष्टी एका दमात विचारल्यास: असतं तर माझ्यात का दिसत नाही, आणि असेलच तर एवढा खटाटोप कशाला? मी फोन ठेवल्यावर बराच वेळ या दोन प्रश्नांकडे बघत बसले. पहिल्यात जरा निराशा आहे, दुसऱ्यात जरा आळस आहे (असू दे, तुझ्या वयात मलाही होता), पण दोन्हींच्या पोटात बसलीय ती घाई. तुझ्या चांगुलपणाची मला कधी काळजी वाटली नाही. घाईची वाटते.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, तुझ्या बाबालाही नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. आईची लाल कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसली होती. आईने सांगितलं होतं, एकवीस दिवस लागतात, हात लावायचा नाही. मी भिंतीवर कोळशाने रेघा मारत होते. सतराव्या दिवशी मला राहवलं नाही. आई धुणं घेऊन नदीवर गेली, कोंबडी दाणे टिपायला उतरली, आणि मी एक अंडं उचलून दगडाच्या कडेवर हलकंसं आपटलं. आत पिल्लू होतं. होतं ना, म्हणजे माझा विश्वास खोटा नव्हता, चोच होती, ओली पिसं होती, मिटलेले डोळे होते, आणि ते माझ्या तळहातावर थोडा वेळ हललं. आई परत आली तेव्हा मी टोपलीपाशीच बसलेली होते. तिने मारलं नाही. भिंतीवरच्या रेघा मोजल्या आणि म्हणाली, अजून चार दिवस होते.

पुढे कितीतरी वर्षांनी संयुत्तनिकायात बुद्धांचा कोंबडीचा दृष्टांत वाचला आणि माझा हात थांबला. तिथे म्हटलंय की कोंबडीने आठ, दहा, बारा अंडी नीट उबवली तर पिल्लं सुखरूप बाहेर यावीत अशी इच्छा तिच्या मनात आली काय आणि न आली काय, पिल्लं कवच फोडून बाहेर येणारच. आणि उबवलंच नाही तर नुसत्या इच्छेने काही होणार नाही. शिबिरात तू दहा दिवस अंड्यावर बसलीस आणि अकराव्या दिवशी ते कानाला लावून हलवून पाहिलंस, एवढंच झालंय.

आता पुस्तकातलं ते वाक्य. ते जिथून आलंय त्या शब्दाला तथागतगर्भ म्हणतात. आपल्या पाली ग्रंथांत हा शब्द नाही, हा महायानातला. म्हणून वंदनेच्या वेळी विहारात तो तुझ्या कानावर पडला नसेल. तथागतगर्भ याच नावाचं एक लहानसं सूत्र आहे. त्याचं मूळ संस्कृत आज हाती नाही, चिनी आणि तिबेटी भाषांतरांत ते उरलं. पाचव्या शतकात बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने ते चिनीत नेलं. प्रसंग राजगृहाचा, गृध्रकूटाचा. आकाशात असंख्य कमळं उमलतात, प्रत्येक कमळात एक बुद्ध बसलेला, आणि बघता बघता पाकळ्या सुकतात, काळ्या पडतात, त्यांना घाण येऊ लागते, पण आतले बुद्ध जसेच्या तसे तेजाळ. लोक चकित होतात, आणि मग बुद्ध एकामागून एक नऊ दृष्टांत देतात. माश्यांनी घेरलेल्या पोळ्यातला मध. घाणीत पडलेलं सोनं. गरिबाच्या घराखाली पुरलेलं धन, ज्याला बिचाऱ्याला तोंड नाही, त्यामुळे मी इथे आहे असं ते सांगू शकत नाही. फळाच्या बीमध्ये निजलेलं झाड. चिंध्यांत गुंडाळलेली रत्नाची मूर्ती. आणि एक निराधार बाई, धर्मशाळेत अंग मुडपून पडलेली, जिच्या पोटात चक्रवर्ती राजा वाढतोय आणि तिला ते ठाऊक नाही, ती स्वतःला टाकाऊच समजते. हा दृष्टांत वाचताना मला माझी आई दिसते. माझ्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत तिने रस्त्याची खडी फोडली. तिला कोणी जाऊन हे सांगितलं असतं तर ती खूप हसली असती, आणि मग तिने विचारलं असतं, आजची मजुरी कधी मिळणार.

पण माझा आवडता दृष्टांत टरफलातल्या धान्याचा. भंडाऱ्याच्या बाईला दुसरा कुठला आवडणार! तू गिरणीतला तांदूळ खाल्लेली मुलगी. तुला वाटतं धान इकडून टाकलं की तांदूळ तिकडून पडतो. मी लग्न होऊन आले तेव्हा घरचं धान उखळात कांडायचे. पहिल्याच आठवड्यात सासूबाई माहेरी गेल्या होत्या, आणि त्या यायच्या आत दोन पायली तांदूळ करून दाखवावा या हौसेने मी नुकतंच चुरलेलं, पुरतं न वाळलेलं धान घेतलं, कडक उन्हात एका दुपारी भाजून काढल्यासारखं वाळवलं आणि मुसळ उचललं. तुसाखाली दाणा पांढराशुभ्र होता, पण उन्हाने आतून तडकला होता, आणि मी घाव तर असे घालत होते जणू उखळाशी भांडण आहे. सुपात पाखडलं तर सगळी कणी. सासूबाई आल्या, सुपात हात घालून पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत; आठवडाभर घरात कणीचा भात झाला, सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ला, एक दाणा वाया गेला नाही. आठव्या दिवशी त्या माझ्यासमोर बसल्या आणि हात हलका कसा ठेवायचा ते शिकवलं. म्हणाल्या, सूनबाई, आपल्याला तूस काढायचंय, तांदूळ तर झालेलाच आहे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. तांदूळ आहेच, म्हणून कांडायचं. तिथे तांदूळ नसता तर कांडून तरी काय मिळालं असतं? नुसतं तूस कोण कांडतं?

या 'गर्भ' शब्दाचं एक कौतुक सांगते, मग पुढे जाऊ. चिनी भाषांतरकारांनी त्याला कोठार या अर्थाचा शब्द वापरला, तिबेटी लोकांनी गाभा या अर्थाचा. आपल्या मराठीला एवढी ओढाताण करावी लागत नाही, गर्भातूनच आपला गाभा आला, त्याच घरातला देवळाचा गाभारा, आणि भाद्रपदात बांधीवर उभं राहून आपण म्हणतोच की यंदा धान गर्भात आहे, आता पाणी हवं. त्या दिवसांत रोप चिरून बघणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

आता जरा जड भाग येईल. चहा घेऊन बस.

या विचारावरचा मोठा ग्रंथ म्हणजे रत्नगोत्रविभाग. तिबेटी परंपरा तो मैत्रेयाचा मानते, चिनी परंपरा सारमतीचा. भारतातून त्याचं मूळ संस्कृत कित्येक शतकं नाहीसं झालेलं होतं. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले, खेचरांवर लादून हस्तलिखितांच्या नकला आणि छायाचित्रं आणली, आणि त्यांनी तिथल्या मठांतून शोधलेल्या पोथ्यांवरून हा ग्रंथ १९५० साली पाटण्यातून छापून निघाला. गरिबाच्या घराखाली पुरलेल्या धनाचा दृष्टांत ज्या ग्रंथात आहे तो स्वतःच असा पुरलेला निघाला, याची मला फार गंमत वाटते.

पण नावात गोत्र! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्या घरात या शब्दाने काय काय केलं ते तुला नीट ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही याचा मला आनंदच आहे. माझ्या वडलांना कोणी गोत्र विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याला ते आम्हाला असेल असं वाटतच नव्हतं. नंतर कळलं की या जुन्या बौद्ध पंडितांच्या लिखाणात गोत्राचा एक अर्थ खाण असाही आहे. रत्नगोत्र म्हणजे जिथून रत्नं निघतात ती खाण. आणि मग हेही कळलं की वाद तिथेही होता. काही आचार्य म्हणत, माणसांची बीजं वेगवेगळी असतात, आणि काही माणसं अगोत्र, त्यांच्यात बुद्धत्वाची शक्यताच नाही. ऐकल्यासारखं वाटतं ना? हा ग्रंथ मात्र ठामपणे सांगतो की खाण सगळ्यांकडे आहे.

मी सहा वर्षांची होते, १४ ऑक्टोबर १९५६. दोनच वर्षांपूर्वी बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले होते आणि हरले होते. वडील म्हणायचे, आपण त्यांना दिल्लीला पाठवू शकलो नाही तर आता ते बोलावतात तिकडे आपण जाऊ. आम्ही चालत नागपूरला गेलो, बराचसा रस्ता मी वडलांच्या खांद्यावर. मला आठवतात ती पांढरी लुगडी, पांढरे सदरे, इतका पांढरा रंग मी पुन्हा पाहिला नाही. महास्थविर चंद्रमणींनी बाबासाहेबांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली आणि बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंना. मला काय कळणार त्यातलं! पण परतताना वडील फार हळू चालत होते, आणि मी विचारलं पाय दुखतात का, तर म्हणाले, नाही गं, आता कसली घाई.

खाण सगळ्यांकडे आहे, असंच म्हणणाऱ्या एका चिनी भिक्खूची गोष्टही मला फार जवळची वाटते. दाओशेंग त्यांचं नाव, चौथ्या-पाचव्या शतकातले. आपल्याकडून पोथ्या घेऊन गेलेल्या फाहियानने ४१८ साली महापरिनिर्वाण सूत्राचं भाषांतर केलं, त्यात होतं की सगळ्यांत बुद्धस्वभाव आहे, फक्त इच्छंतिक सोडून. इच्छंतिक म्हणजे ज्यांच्यातली चांगुलपणाची मुळंच तुटली आहेत अशी माणसं. दाओशेंग म्हणाले, हे असं असूच शकत नाही, त्यांच्यातही आहे. पोथीत तर उलट लिहिलेलं! राजधानीतल्या, म्हणजे आजच्या नानजिंगमधल्या, संघाने त्यांना बाहेर काढलं. आख्यायिका अशी की सुजौजवळच्या वाघटेकडीवर जाऊन ते दगडांनाच प्रवचन देऊ लागले, आणि इच्छंतिकातही बुद्धस्वभाव आहे म्हटल्यावर दगडांनी माना डोलावल्या. इकडे दूर वायव्येला धर्मक्षेम नावाच्या भारतीय भिक्खूने त्याच सूत्राची मोठी प्रत ४२१ साली भाषांतरित केली होती. ती काही वर्षांनी दक्षिणेत पोचली, आणि तिच्यात दाओशेंग म्हणत होते तेच निघालं. ज्यांनी हाकललं त्यांच्या हातात पोथी होती, आणि पोथी अपुरी होती. दाओशेंगनी तेवढी वर्षं काय केलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. दगडांनी मान हलवली की नाही ते सोड, पण त्यांनी बोलणं बंद केलं नाही.

रत्नगोत्रविभागात एक प्रश्न येतो, की बुद्धधातू (म्हणजे आपला तथागतगर्भच) इतका सूक्ष्म, भल्याभल्यांना न दिसणारा, तर मग तो सगळ्यांना सांगायचा तरी कशाला? उत्तरात पाच दोष दिलेत, जे हे सांगितल्याने दूर होतात. पाचही आता लिहीत नाही, पण पहिला आहे खचलेलं मन, आणि दुसरा आहे आपल्याहून हीन वाटणाऱ्यांविषयीची तुच्छता. किती शहाणपणाने एकाशेजारी एक ठेवलेत बघ! ज्या दिवशी तुला वाटेल की शेजारच्या रडणाऱ्या मुलीत काही आहे आणि माझ्यात नाही, त्या दिवसासाठी पहिला. आणि उद्या तुला काही गवसलं आणि दुसरीला नाही गवसलं, तर त्या दिवसासाठी दुसरा.

तू हुशार आहेस, आता म्हणशील, आजी, हे सगळं आत्म्यासारखंच नाही का झालं? आपल्या घरात तर आत्म्याला थारा नाही, बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्वच्छ लिहून ठेवलंय की आत्म्यावरची श्रद्धा म्हणजे धम्म नव्हे. शाबास, हाच प्रश्न लंकावतार सूत्रात महामती बोधिसत्त्व विचारतो. तिथे बुद्ध म्हणतात, नाही, तसं नाही. कुंभार जसा एकाच मातीच्या गोळ्यातून हात, दांडा, पाणी, दोरा वापरून नाना भांडी करतो, तसं मी एकच अनात्म वेगवेगळ्या शब्दांत सांगतो, आणि आत्मा नाही हे ऐकून जे दचकतात त्यांच्यासाठी तथागतगर्भ हा शब्द. म्हणजे आत कोणी छोटा बुद्ध मांडी घालून बसलाय असं नाही समजायचं. धानात झाड कुठे बसलेलं असतं? माती, पाणी, ऊन मिळालं तर ते होतं, एवढंच.

हा वाद अजून मिटलेला नाही. जपानमध्ये १९८० च्या दशकात हाकामाया आणि मात्सुमोतो या झेनच्या सोतो पंथातल्याच दोन अभ्यासकांनी म्हटलं की तथागतगर्भ हा बौद्ध विचारच नव्हे. सगळे मुळात सारखेच आहेत असं एकदा म्हटलं की बाहेरची विषमता आहे तशी चालवून घेता येते. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. सर्वांभूती एकच म्हणणाऱ्यांनी आपल्या गावातही पाणवठे वेगळे ठेवलेच होते. म्हणून माझं आपलं मत असं की कोणी हा विचार सांगू लागला की तो विहिरीवर कसा वागतो ते आधी बघावं.

पालीत शब्द नसला तरी त्याच्या जवळ जाणारं एक वचन अंगुत्तरनिकायात आहे: चित्त प्रभास्वर, उजळ आहे, आणि मळ आगंतुक आहे. आगंतुक, सोनू! न बोलावता आलेला पाहुणा. तुझी ती चिडचिड, परीक्षेची धास्ती, दुसऱ्याशी तुलना, हे सगळे पाहुणे. पाहुणा आला म्हणून घर आपलं राहत नाही असं थोडंच आहे, फक्त त्याला घरमालक समजू नकोस.

यावर चूळपंथकाची गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, वर्गात मी ती दर वर्षी सांगायची, मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघून. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक, तोही भिक्खू, कंटाळून म्हणाला, तुझ्याने होणार नाही, घरी जा. चूळपंथक निघाला तर फाटकाशी बुद्ध उभे. त्यांनी त्याला एक स्वच्छ पांढरं फडकं दिलं आणि सांगितलं, पूर्वेकडे तोंड करून बस, हे चोळत राहा आणि 'रजोहरण' म्हणत राहा, म्हणजे धूळ जाते, धूळ जाते. तो चोळत राहिला. उन्हं वर आली, हाताच्या घामाने फडकं मळलं, आणि त्याच्या लक्षात आलं की फडकं तर स्वच्छ होतं, मळ मागाहून आला. गाथा पाठ न होणारा भिक्खू तिथेच अर्हत झाला. मी सकाळी अंगण झाडते तेव्हा मला हा आठवतो. रोज झाडते, रोज पाला पडतो, आणि एकाही दिवशी मला वाटत नाही की हे अंगणच कचऱ्याचं आहे.

आणि आता, बाई, तुझा प्रश्न तुझ्याआधी ज्याने विचारला त्याला भेट. दोगेन, जपानमधला, जन्म १२०० चा. आई लहानपणीच गेली. १२१३ मध्ये हिएई पर्वतावर भिक्खू झाला, आणि तिथे त्याला प्रश्न पडला: सगळ्यांत बुद्धस्वभाव मुळातच आहे, तर बुद्धांनी इतकी साधना का केली? तुझाच प्रश्न, आठशे वर्षं आधी, आणि वयाने तुझ्याहून लहान पोराचा. समाधान होईना म्हणून १२२३ साली तो समुद्र ओलांडून चीनला गेला. जहाज बंदरात लागलेलं असताना एक म्हातारा भिक्खू त्यावर वाळकी अळंबी विकत घ्यायला आला. एकसष्ट वर्षांचा, राजा अशोकाच्या नावाच्या डोंगरावरच्या विहारातला स्वयंपाकी. (आपला अशोक तिथे डोंगर होऊन बसलाय!) कित्येक कोस चालत आला होता, दुसऱ्या दिवशी सणाचं जेवण होतं. दोगेन म्हणाला, आजची रात्र राहा, बोलू. तो म्हणाला, मग उद्याचं रांधेल कोण? दोगेनने विचारलं, या वयात ध्यान करायचं, ग्रंथ वाचायचे सोडून स्वयंपाक कशाला? म्हातारा मोठ्याने हसला आणि म्हणाला की परदेशातून आलेल्या या भल्या पोराला साधना कशाशी खातात ते अजून कळलेलं नाही.

पुढे दुसऱ्या विहारात त्याने आणखी एक स्वयंपाकी पाहिला, अडुसष्ट वर्षांचा, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, भुवया पांढऱ्या, डोक्यावर टोपी नाही आणि भर दुपारी तापलेल्या फरश्यांवर अळंबी वाळत घालतोय. दोगेनने विचारलं, हे काम दुसऱ्या कोणाला का नाही सांगत? उत्तर आलं, दुसरा म्हणजे मी नव्हे. पण आत्ताच, एवढ्या उन्हात? तर म्हणे, मग कधीची वाट बघू? मी गच्चीवर पापड घालते तेव्हा तुझी आई जे म्हणते आणि मी जे म्हणते, त्याची ही चिनी आवृत्ती.

१२२७ मध्ये दोगेन परतला आणि दहा वर्षांनी त्याने विहारातल्या स्वयंपाक्यासाठी एक पुस्तिका लिहिली. त्यात तांदूळ कसा निवडायचा, खडे बघताना तांदूळ बघायचा आणि तांदूळ बघताना खडे, एक दाणाही सांडू द्यायचा नाही, आणि तांदूळ धुतलेलं पांढरं पाणीसुद्धा उगाच फेकायचं नाही, असं आहे. वाचून मी इतकी खूश झाले! आपल्याकडे ते धुवण गाईला जातं किंवा कढीपत्त्याला. तू तिकडे खोलीत काय करतेस? मोरीत ओततेस ना? असू दे, उद्यापासून खिडकीतल्या तुळशीला घाल. पुढे त्याने एइहेइजी विहार बांधला, आणि तिथे सांगतात की तो ओढ्यातून ओगराळं भरून पाणी घ्यायचा आणि उरलेलं अर्धं परत ओढ्यालाच द्यायचा. वाहत्या ओढ्याला! त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का, असं तू विचारशील. त्याच्या लिहिण्यावरून मला वाटतं की साधना करून मग पुढे कधीतरी बोध हाती लागतो, ही शिडीच त्याने काढून टाकली; बसणं, रांधणं, धुवण जपणं, हेच त्या उजळपणाचं काम करणं झालं. पण हे मी म्हणते म्हणून मानू नकोस, चार वर्षांनी स्वतः वाचून बघ.

त्याच कोंबडीच्या सुत्तात सुताराच्या वासल्याचाही दृष्टांत आहे. दांड्यावर सुताराच्या बोटांचे ठसे उमटतात, पण आज किती झिजला, काल किती झिजला, ते त्याला सांगता येत नाही. झिजला की झिजला एवढंच कळतं. तुझ्या खापरपणजोबांचा वासला माळ्यावर आहे. तू आलीस की काढून ठेवते, तुझी बोटं त्या खळग्यांत बसतात का बघू.

बाहेर उजाडायला लागलंय, दूधवाला येईल. तुझ्या बाबाबरोबर पाच किलो तांदूळ पाठवतेय, या वर्षीचा नाही, गेल्या वर्षीचा, जुना. नवा लगेच शिजवला की त्याचा चिकट गोळा होतो. आणि हो, लाल कोंबडी अंड्यांवर बसलीय, आज अकरावा दिवस आहे. नऊ अंडी आहेत. तू पुढच्या शनिवारी येते म्हणालीस, तर नको येऊस, त्याच्या पुढच्या शनिवारी ये.

तुझी,
आजी

ता. क. रडू आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मलाही सहसा येत नाही, कांदा चिरतानासुद्धा नाही.